पाळकांची बदली झाली की मंडळी कोण सांभाळतं? शिष्यत्व आणि नेतृत्व, सोप्या भाषेत

पाळकांच्या बदलीचं पत्र आलं की सोलापुरातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत एकच विषय निघतो: आता कसं व्हायचं? संडे स्कूल कोण बघणार, आजाऱ्यांकडे कोण जाणार, तरुण संघाची पोरं टिकणार का? त्यात पंच कमिटीची निवडणूक तोंडावर असली तर बघायलाच नको. त्याच नोटीस बोर्डावर ‘शिष्यत्व व नेतृत्व प्रशिक्षण शिबिर’ असा एक कागदही लागलेला असतो. त्याचा या गडबडीशी काय संबंध, हे चर्चबाहेरच्या माणसाला कळत नाही. खरं सांगायचं तर आतल्याही बऱ्याच जणांना कळत नाही.

संबंध सरळ आहे. शिष्य घडवण्याचं काम वर्षानुवर्षं झालेलं नसलं की नेता कुठून आणायचा हा प्रश्न पडतो. मग जो चांगलं बोलतो, ज्याच्या हाती पैसा आहे किंवा ज्याची भावकी मोठी आहे, तो निवडून येतो.

आधी कारभार समजून घेऊ

मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद. पाळक म्हणजे त्यांची आध्यात्मिक काळजी घेणारा, बहुतेक ठिकाणी धर्मशिक्षण घेऊन दीक्षा मिळालेला माणूस. वडील किंवा पंच म्हणजे सभासदांमधूनच आलेले जबाबदार लोक. शिष्यत्व म्हणजे येशूच्या शिकवणीप्रमाणे कसं जगायचं हे, पुढे गेलेल्या एखाद्या विश्वासणाऱ्याच्या सोबतीने शिकणं. एवढ्या चार शब्दांवर हा लेख चालेल.

नेमणूक कोण करतं, हे चर्चनुसार बदलतं. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंना बिशप, म्हणजे अनेक चर्चवर देखरेख करणारे वरिष्ठ धर्मगुरू, नेमतात. तिथे प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक मंडळीला, आर्थिक समिती असावीच लागते, पण इतर बाबतींत सभासदांची परिषद फक्त सल्ला देते. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये बहुधा ज्याने मंडळी सुरू केली तोच पाळक असतो.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची पद्धत मात्र थोडी गुंतागुंतीची आहे आणि त्याला इतिहास आहे. आपल्या भागात अमेरिकन मराठी मिशनने काम केलं. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचलं आणि पुढे सोलापुरातही आलं. त्यांची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे स्थानिक सभासदांनी आपला कारभार मतं देऊन स्वतः चालवायचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतून बिशप आले आणि जुनी निवडणुकीची सवयही टिकली. म्हणून पाळक वरून येतात आणि कमिटी खालून निवडून येते. दोघांमध्ये खटके उडतात त्याचं अर्धं कारण या रचनेत आहे. प्रत्येक वेळी माणसांच्या स्वभावाला दोष देण्यात अर्थ नाही.

शिष्य वर्गात बसून तयार होत नाही

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, तिसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीत, येशूने बारा जणांना कशासाठी नेमलं ते सांगितलं आहे: त्यांनी आपल्याबरोबर असावं आणि त्यांना उपदेश करायला पाठवावं. क्रम बघा. सोबत राहणं आधी आहे, पाठवणं नंतर. सहाव्या अध्यायात तो त्यांना दोघादोघांना पाठवतो आणि तिसाव्या ओवीत ते परत येऊन काय केलं, काय शिकवलं ते सांगतात. सोबत ठेवणं, काम देऊन पाठवणं, परत आल्यावर ऐकून घेणं, एवढीच ही पद्धत.

सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. मागावर नवा आलेला पोरगा आधी कांड्या भरतो, तुटलेला धागा जोडायला शिकतो, जुन्या कामगाराच्या शेजारी उभा राहून नुसत्या आवाजावरून काय बिघडलं ते ओळखायला लागतो. मग कुठे माग त्याच्या हाती येतो. तीन दिवसांचं शिबिर आणि एक सर्टिफिकेट यांवर कुणी त्याला चार माग सोपवत नाही. मंडळीत मात्र आपण हेच करतो. शिबिर वाईट नसतं, त्यातून माहिती मिळते. पण सोमवारी सोबत कोण असणार हा प्रश्न शिबिर सोडवत नाही.

एका पेनीतून निघालेली पद्धत

सामान्य सभासदांमधून नेते कसे तयार झाले, याचा उत्तम नमुना १७४२ सालच्या इंग्लंडमध्ये आहे. ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली या धर्मप्रचारकाच्या मेथडिस्ट मंडळीवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. फॉय नावाच्या कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, बऱ्याच जणांची तेवढीही ऐपत नाही. त्यावर तो म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही मग तसेच अकरा-अकरा जण वाटून घेतले.

पैसे गोळा करायला घरी गेलेल्या या लोकांना तिथलं खरं चित्र दिसायला लागलं. कुणी पुन्हा दारूकडे वळलेला, कुणाच्या घरात भांडण, कुणी आजारी. वेस्लीच्या लक्षात आलं की आपण बरेच दिवस जे शोधत होतो ते हेच. पुढे घरोघर जाणं जड पडायला लागलं, तेव्हा बारा जणांचा गट आठवड्यातून एकदा एकत्र भेटू लागला. या गटांचे प्रमुख कारागीर, दुकानदार असे साधे लोक होते आणि त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. दीक्षित पाळक फिरतीवर असायचे. रोजची मंडळी हे लोक सांभाळायचे. पाळकांची बदली तिथे नित्याचीच होती, तरी मंडळी मोडली नाही.

गट प्रत्यक्षात कसा चालतो

घडवणाऱ्या एका माणसाकडे तीन किंवा चार जण पुरेत. संख्या वाढली की एखादा गप्प बसायला लागतो. एकटाच असेल तर भेटीचं समुपदेशन होऊन बसतं. पुरुषांचा गट पुरुषाकडे, बायकांचा बाईकडे. भेट आठवड्याला दीड तास, साधारण वर्षभर.

पहिली २० मिनिटं आठवडा कसा गेला यासाठी. पुढची १५ मिनिटं मागच्या वेळी जे करायचं ठरलं ते झालं का यासाठी. ही १५ मिनिटं सगळ्यात अवघड, त्यामुळे उशीर झाला की पहिली कात्री यांनाच लागते आणि तिथून गटाचा गप्पांचा अड्डा व्हायला लागतो. मग अर्धा तास शास्त्रपाठ: एकच उतारा घेऊन इथे काय लिहिलंय, त्याचा माझ्या जगण्याशी काय संबंध आणि या आठवड्यात मी काय करणार, हे तीन प्रश्न. उरलेली २५ मिनिटं प्रार्थना आणि पुढच्या कामाची वाटणी. मार्कचे अध्याय १६ आहेत, म्हणजे आठवड्याला एक घेतला तर चार महिने जातात. त्यानंतर बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले ६, ११, १३, १५ आणि २० हे अध्याय, मग पहिले तीमथ्य आणि तीत ही पत्रं. वर्षाला एवढं भरपूर आहे.

खरं शिक्षण मात्र भेटीबाहेर होतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात आजारी सभासदाला भेटायला जायचंय असं धरा. पहिल्या दोन वेळा शिष्य नुसता सोबत जातो आणि बघतो. भेट दहा मिनिटांची. खाटेवर बसायचं नाही. सलाइन लावलेल्या हाताच्या बाजूला गर्दी करायची नाही. रुग्णाला मान न वळवता आपला चेहरा दिसेल असं उभं राहायचं. ‘प्रार्थना करू का?’ असं विचारून मगच करायची, तीही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्रास होणार नाही अशा आवाजात. वाचायला स्तोत्र २३ किंवा १२१. एक सहा ओव्यांचं, दुसरं आठ. ‘तुम्ही नक्की बरे होणार’ असा शब्द द्यायचा नाही, आणि औषधं बंद करा असं तर चुकूनही म्हणायचं नाही. निघताना सोबत असलेल्या नातेवाइकाला विचारायचं: डबा कोण आणतं, रात्री कोण थांबतं?

तिसऱ्या भेटीत वाचन शिष्याने करायचं, चौथ्यात प्रार्थना, पाचव्यात भेट त्याची आणि पाळक मागे उभे. दर वेळी जिना उतरताना दोन मिनिटं बोलायचं: काय दिसलं? आईच्या पायाशी बसलेली मुलगी सकाळपासून जेवलेली नव्हती, हे लक्षात आलं का?

बिघडतं ते बहुतेक शेवटच्या पायरीवर. सहावी भेट शिष्याने एकट्याने करायची असते, पण घरचे म्हणतात, ‘पाळक साहेब आलेच नाहीत.’ ते मनाला लावून पाळक पुन्हा स्वतः जायला लागतात आणि सगळं मूळपदावर येतं. उपाय साधा आहे. पाळकांनी उपासनेतच नाव घेऊन जाहीर करायचं की या महिन्यापासून आजाऱ्यांच्या भेटी अमुक ताई आणि अमुक भाऊ करतील. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो हेच सुनावतो: तूही थकशील आणि लोकही. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर प्रमुख नेमले जातात.

पैशाला हात लावायला कधी द्यायचं?

लवकर, पण एकट्याला कधीच नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात पैशाची थैली येशूचा शिष्य यहूदा याच्याकडे होती आणि तो त्यातून घ्यायचा असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा ‘आमचे सगळे विश्वासू आहेत’ हे उत्तर चालत नाही. उपासना संपल्यावर त्याच खोलीत, नात्याने एकमेकांचे नसलेल्या दोघांनी अर्पण मोजायचं. कुठल्या नोटा किती, नाणी किती, हे चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करायची. खजिनदाराने स्वतः मोजायचं नाही; त्याने चिठ्ठी आणि रोकड ताडून पावती द्यायची आणि सोमवारी बँकेत भरणा करायचा. त्या रकमेतून ‘तेवढा मांडववाल्याचा हिशोब भागवू’ म्हणून परस्पर खर्च करणं हा सर्वात जास्त आढळणारा घोटाळा. चोरी झालेली नसते, पण हिशोब जुळत नाही आणि वर्षअखेर आरोप सुरू होतात.

चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर आणखी एक गोष्ट नव्या कमिटीला पहिल्याच बैठकीत शिकवायला हवी. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की जुनी कमिटी कागदावर तशीच राहते, बँकेत सह्या अडतात आणि पुढची भांडणं कोर्टात जातात.

‘मग निवडणूक नकोच का?’

असू दे की. प्रेषितांच्या कृत्यांतल्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार येते. प्रेषित लोकांनाच सांगतात, तुमच्यातले सात जण निवडा. पण चांगलं नाव असलेले, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले निवडा. निवड मंडळीची, निकष आधी ठरलेले. पहिले तीमथ्य या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्ष नवशिका नसावा आणि सेवकांची आधी पारख व्हावी असं आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की उमेदवारी अर्ज भरण्याआधी माणसाने निदान दोन वर्षं मंडळीत काहीतरी काम केलेलं असावं: संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, अगदी खुर्च्या लावणं का असेना. ज्याला कुणी खुर्च्या लावताना पाहिलेलं नाही त्याला एकदम अध्यक्ष करू नये, हे आमचं मत.

‘आम्हाला वेळ कुठे आहे?’

हा आक्षेप खरा आहे. यंत्रमागावर रात्रपाळी असलेल्या माणसाला रविवारी सकाळी झोप येते. विड्या वळणाऱ्या बाईचे हात दिवसभर मोकळे नसतात. म्हणून गटाची वेळ चर्चच्या सोयीने ठरवू नये. रात्रपाळीवाल्यांचा गट संध्याकाळी पाळीवर जायच्या आधी, तासाभराचा. विडी कामगार बायकांचा गट एखादीच्या घरी, हात चालू ठेवून. तिथे एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. घरात तेलुगू किंवा कानडी बोलली जात असेल तर वाचन त्या भाषेत आणि बोलणं जमेल तसं. वाचता न येणाऱ्या बाईला उतारा तोंडपाठ होतो आणि पुष्कळदा तिचाच सगळ्यात पक्का बसतो.

‘हा माणसांवर ताबा ठेवायचा प्रकार तर नाही?’

होऊ शकतो, आणि झालेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे पाच शिक्षकांनी एक चळवळ चालवली. प्रत्येक विश्वासणाऱ्याचा एक ‘मेंढपाळ’ असावा आणि त्याने त्याच्या सल्ल्याने चालावं, अशी कल्पना होती. बघता बघता नोकरी, लग्न, घर घेणं यांसाठीही परवानगी लागायला लागली. चळवळ पुढे मोडली आणि पाचांपैकी बॉब ममफोर्ड यांनी जाहीर माफी मागितली.

म्हणून कुंपण आधीच घालावं. घडवणारा आणि शिष्य यांच्यात उसनवारी नाही. लग्न आणि नोकरीचा निर्णय त्या माणसाचा आणि त्याच्या घरच्यांचा. गट सोडायचा तर कारण द्यावं लागणार नाही. गटातलं गटातच राहील, पण मुलांच्या सुरक्षेची बाब असेल तर नाही: बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, ‘आपापसात मिटवू’ ही सवलत पाळकांनाही नाही. संडे स्कूलच्या खोलीत एका वेळी दोन मोठी माणसं असावीत, हा नियम त्यातूनच येतो.

‘शिष्य करणं म्हणजे धर्मांतरच ना?’

बाहेरचे वाचक हे विचारतात आणि टाळाटाळ करण्यात अर्थ नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा अशी आज्ञा आहे, आणि आपली श्रद्धा इतरांना सांगणं हा ख्रिस्ती धर्माचा भाग आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे मर्यादांत तो हक्क सगळ्यांना दिला आहे. जबरदस्ती किंवा आमिष त्यात बसत नाही. पण या लेखात ज्याबद्दल बोललो ते गट मंडळीतल्याच लोकांसाठी असतात. बाप्तिस्म्याला वीस वर्षं झालेला माणूस घरात कसा वागतो, हा तिथला विषय असतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमूह सुरू केला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा ठेवली होती. चर्चच्या सभासदांची यादी आणि ख्रिस्ताचे शिष्य या दोन गोष्टी त्यांना एकच वाटत नव्हत्या.

बायका नेतृत्व करू शकतात का?

करतच आहेत, पद मिळायला उशीर झाला एवढंच. मिशनच्या काळात घरोघर जाऊन शिकवणाऱ्या ‘बायबल वुमन’ होत्या आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी कितीतरी बायकांना या कामासाठी तयार केलं. २०१३ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पा ललिता यांना आंध्रातल्या नंद्याळच्या बिशप केलं. सगळे चर्च याबाबत एकमताचे नाहीत. कॅथलिक चर्च स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा देत नाही. पण गट चालवणं आणि आजाऱ्यांची भेट घेणं यांना सहसा अडचण येत नाही.

‘शिकवतो, आणि पोरं पुण्याला जातात!’

हे सोलापूरचं खास दुखणं. तीन वर्षं मेहनत घेतलेला मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसने जातो आणि सणालाच दिसतो. यावर दोन गोष्टी करता येतात. एक, त्याला नुसतं निरोप देऊन सोडू नये. पुण्यातल्या पाळकांना फोन करावा, सभासदत्वाचं पत्र द्यावं आणि तो काय काय करू शकतो ते त्यात लिहावं. दुसरं, शिकवण्याचा सगळा भर पंचविशीच्या आतल्यांवर ठेवू नये. पस्तिशी ते पन्नाशीच्या बायका, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले ही राहणारी माणसं आहेत. त्यांना शिबिराची आमंत्रणं क्वचितच जातात, कारण पोस्टरवर ‘युवा’ लिहिलेलं असतं.

आणि कुणी मध्येच सोडून गेला तर?

पहिल्या काळातले प्रचारक पौल आणि बर्णबा यांच्या प्रवासातून मार्क असाच मध्येच परतला होता. पुढच्या प्रवासाला पौल त्याला घेईना, बर्णबा सोडेना. वाद इतका झाला की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. बर्णबाने मार्कला बरोबर नेलं, आणि पुढे पौलच तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. व्यवहारात असं करावं: सोडून गेलेल्याला महिनाभराने एकदा भेटावं, कारण खोदून विचारू नये, आणि परत आला तर आधीची जबाबदारी लगेच देऊ नये, छोट्या कामापासून सुरू करावं. पैशाच्या किंवा मुलांच्या बाबतीत चूक झालेली असेल तर मात्र ते काम पुन्हा कधीच देऊ नये.

सुरुवात करायची तर जून बरा. शाळा सुरू होत असतात, लग्नसराई संपत आलेली असते. एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या उन्हात दुपारची भेट टिकत नाही, डिसेंबर नाताळच्या तयारीत जातो आणि जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे मंदिर परिसरातले रस्ते भरलेले असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन नावं काढा, तिघांच्या घरी जाऊन विचारा, आणि त्यांच्या सोयीचा वार ठरवा.